चाळीसावी ओळ

१० जुलै, मंगळवार

"मुलीने उचलली आणि पडली, तर चाळीस दिवस उपास कोण करणार? तुझी आई?"

बत्तीस वर्षांपूर्वी याच तळ्याकाठी, याच बाकांसमोर सेंडरसाहेब मला हे म्हणाले होते. मी तेरा वर्षांची होते आणि ते या ज्यू मुलांच्या उन्हाळी कॅम्पचे प्रमुख होते. वाचन संपलं की तोराहची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी दोन्ही दांड्यांना धरून सगळ्यांना दिसेल अशी उंच उचलतात. तो मान मला हवा होता. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, बाजारात कोंबडी पारखावी तसे उलटसुलट करून पाहिले, आणि मग हे वाक्य. मागच्या बाकांवरची मुलं खो खो हसली. मीही हसले. त्यांच्या वाक्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याचा राग अजून जास्त येतो.

आज नऊ नंबरच्या केबिनमध्ये मुलींना हा किस्सा रंगवून सांगितला, अगदी सेंडरसाहेबांच्या घोगऱ्या आवाजात. मुली खाटांवर लोळून हसल्या. चाळीस दिवसांचं त्यांना माहीतच नव्हतं.

"खरंच? नुसती पडली तर चाळीस दिवस?"

"ज्याने पाडली त्याने आणि ज्यांनी पाहिली त्यांनी. जुन्या लोकांची भीती घालायची रीत. सोडा."

तिर्झा तेवढी हसली नाही. तिने एकच विचारलं, "आणि कुणी केलेच नाहीत तर?" मी म्हटलं, "तर काय, आकाश कोसळेल!" पुन्हा हशा.

या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोराहमधलं गणनेचं पुस्तक वाचून संपतं. अगदी शेवटी सलाफहादाच्या पाच मुली येतात, बापाच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या. त्यांतल्या एकीचं नाव तिर्झा. म्हणून मी एझ्राला सांगितलं की यंदा गुंडाळी हिनेच उचलायची. एझ्रा आताचा प्रमुख. चौदा वर्षांचा असताना अंगभर विषारी वेल घासून रडत माझ्या दवाखान्यात आला होता. इथे नर्स म्हणून माझा हा एकोणिसावा उन्हाळा. मला तो 'साहेब' वाटूच शकत नाही.

"उचलू दे की," तो म्हणाला. "पण छोटी घेऊ. मोठी तेरा किलोची आहे. वाचनाचं वर्ष संपत आलंय, वाचून झालेला सगळा भार उजव्या दांड्यावर. उजवा हात लोखंडाचा हवा."

"छोटी पोरांसाठी असते."

"ती पोरच आहे, अदिना."

"तेरा पूर्ण आहेत. धर्माने मोठी. मोठीच घ्यायची."

मोठी म्हणजे तीच, जी मला मिळाली नव्हती. एझ्राने हात जोडले. "घ्या बाई."

१२ जुलै, गुरुवार

दवाखान्यात रांग. दोन कानदुख्या, एक मधमाशी, आणि घरची आठवण येणारे तिघे. त्यांना आम्ही पोटदुखी म्हणतो आणि बिस्किट देतो.

दुपारी तिर्झा आली. काल होडी बांधताना उजवं मनगट होडी आणि धक्क्याच्या फळीमध्ये सापडलं म्हणे. थोडी सूज होती. बोटं हलवायला लावली, हलली. म्हणजे हाड शाबूत. बर्फ लावला, पट्टी बांधली.

"वळवलं की दुखतं," ती म्हणाली.

"मग वळवू नकोस."

ती उठली नाही. मग खाली बघत, "शनिवारी दुसऱ्या कुणाला सांगू का?"

मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. तिला म्हटलं, हे दुखणं मनगटात नाही, पोटात आहे. मलाही तुझ्या वयात होतं. फरक इतकाच, की मला नाही म्हणायला सेंडरसाहेब होते आणि तुला हो म्हणायला मी आहे. तिने मान हलवली. ती गेल्यावर मला किती बरं वाटलं! अशा वेळी मुलींच्या मागे कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर त्या आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसतात.

तिची नोंद दवाखान्याच्या वहीत करायची राहिली. दाराशी मधमाशीवाला बोंबलत होता.

१५ जुलै, रविवार

काल शब्बाथ, लिहायचं नसतं. बरंच झालं. काल लिहिलं असतं तर कागद फाटला असता.

सगळे पांढऱ्या कपड्यांत तळ्याकाठी बसलेले. वाचन संपलं. पुस्तक संपलं की सगळे उभं राहून ओरडतात, "बळकट हो, बळकट हो, आपण सारे बळकट होऊ!" तीनशे गळे. पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. त्या ओरडण्यातच तिर्झा पुढे आली. मनगटाची पट्टी तिने काढून ठेवली होती, पांढऱ्यावर बरी दिसली नसती म्हणून असेल. मी उजव्या बाजूला दोन पावलांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान डोलावली.

तिने गुंडाळी मेजाच्या कडेपर्यंत ओढली, गुडघे वाकवले, दांडे खाली दाबले आणि उचलली. हो, उचलली! तीन रकाने उघडे, काळी अक्षरं, मागे तळं. हे मी पाहिलं आहे आणि कुणी काहीही म्हटलं तरी पाहिलं आहे. मग उजवी बाजू खचली. बिजागरी निखळलेलं दार कलतं तशी गुंडाळी कलली आणि फळ्यांवर पडली. ओल्या कपड्यांचं गाठोडं टाकल्यासारखा आवाज. फार मोठासुद्धा नाही.

कुणी हललं नाही. सर्वांत आधी पोचले ते रेब युडल. स्वयंपाकघरात धर्मनियमाप्रमाणे दूध आणि मांस एकमेकांना शिवू नयेत याची राखण करणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण गुडघ्यांवर असा कोसळला की तरुणाला जमलं नसतं. त्यांनी गुंडाळीचं चुंबन घेतलं आणि झोपलेलं मूल उचलावं तशी ती उचलली. तिर्झाचे दोन्ही हात अजून वर होते. कुणीतरी ते खाली घ्यायला हवे होते.

आणि एझ्राने पहिला प्रश्न काय विचारला? "फाटली का?"

'तुला लागलं का' नाही. 'फाटली का'! चर्मपत्राच्या दोन पानांमधली शिवण उसवली आहे. लेखनिक येऊन नीट करेपर्यंत ती वाचता येणार नाही. मागून कुणीतरी कुजबुजलं, "ग्रीनस्पानांनी दिलेली होती ना ती? आता बघा." केबिन सांभाळणाऱ्या दोन ताया आपापल्या लहान मुलींना ओढून दूर नेत होत्या, जणू पडणं संसर्गाने पसरतं.

मी तिला दवाखान्यात नेलं. मनगट सुजून टम्म. तेरा किलोचा हिसका, सुजणारच. बर्फ, पट्टी, गोळी. ती फक्त "सॉरी" म्हणत होती. मला, भिंतीला, बर्फाच्या पिशवीला.

मेज बुटकं होतं. फळ्यांवर दव होतं. दांडे आधी घट्ट करून ठेवले नव्हते आणि ते काम एझ्राचं. जबाबदार कोण कोण, अशी यादी केली तर एक पान भरेल, आणि त्यात तिर्झाचं नाव कुठेच येणार नाही.

१६ जुलै, सोमवार

एझ्राने सगळ्या पालकांना पत्र पाठवलं. "एका मुलीच्या हातून झालेल्या दुर्दैवी प्रकाराबद्दल." एका मुलीच्या! आता न्यू जर्सीपासून बॉस्टनपर्यंत सगळ्या आया फोनवर विचारताहेत, कोणती मुलगी, कुणाची मुलगी. खाली नवा नियम: यापुढे अठरा वर्षांखालील कुणीही गुंडाळी उचलणार नाही.

मी त्याच्या खोलीत गेले.

"अठरा वर्षांचे मुलगे उचलतील ना? म्हणजे सेंडरसाहेब परत आले म्हण की. फक्त दाढी काढून."

"अदिना, ग्रीनस्पानांचा मुलगा काल अर्धा तास फोनवर ओरडत होता. त्यांच्या आजोबांनी ती लिथुआनियाहून आणली, पोटाशी बांधून."

"पोटाशी बांधून आणली ती काय कपाटात ठेवायला?"

"मी छोटी घ्या म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला.

असा संताप आला की मी दार आपटून निघाले. माणसं स्वतःची कातडी वाचवायला किती तत्पर असतात!

दुपारी शिरा आली, नऊ नंबरच्या केबिनची ताई. कालपासून तिर्झा काही खात नाही म्हणाली. नाश्ता शेजारणीला देते आणि रात्री फक्त ब्रेड. मी तिला बोलावून घेतलं.

"मी चाळीस दिवस करणार आहे," तिर्झा म्हणाली. "दिवसा खायचं नाही. तारे दिसले की खायचं. तेवीस ऑगस्टला संपतात."

"कुठल्या शहाण्याने हे खूळ तुझ्या डोक्यात भरलं?" माझा आवाज चढला. "नाव सांग. लहान मुलींना असलं काही सांगणाऱ्याला कॅम्पमध्ये ठेवता कामा नये."

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. घाबरली असावी बिचारी.

नर्स म्हणून लेखी हुकूम काढला: कोणत्याही मुलामुलीने उपास करायचा नाही. माझ्यासमोर बसवून तिला अंडं खायला लावलं. तिने ते खाल्लं. डाव्या हाताने.

१८ जुलै, बुधवार

रेब युडलनी शेवयांचं खोकं फाडून त्याच्या पाठीवर चाळीस ओळी आखल्या आणि तो पुठ्ठा जेवणघराच्या दारावर ठोकला. वर त्यांच्या वाकड्या अक्षरात: "चाळीस माणसं, प्रत्येकी एक दिवस, हवा तो, कॅम्प संपायच्या आत. मोठ्यांनीच. मुलांनी जेवायचं आणि भांडी घासायची." पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव, उद्याचा दिवस.

"रेब युडल, तुम्हाला मधुमेह आहे."

"मला ठाऊक आहे. त्याची आणि माझी जुनी ओळख आहे."

"हा अडाणीपणा आहे. एक अपघात झाला. कुणाची चूक नाही. मग प्रायश्चित्त कसलं?"

"पोरी, चूक कुणाची ते मी विचारलं का? घरात कुणी गेलं तर शेजारी डबा घेऊन येतात. ते काय खून करून येतात?" ते खिळा ठोकत राहिले. "ती लेक चाळीस दिवस एकटी ओढायला निघाली होती. एवढं ओझं एकट्याने उचलायचं नसतं, हे आपण शनिवारी बघितलं."

मी सही करणार नाही म्हटलं. सही केली तर ते पाप होतं असं मीच मान्य केल्यासारखं होईल. "सेंडरसाहेबांची धमकी मी खरी करणार नाही," मी म्हटलं. "मुलगी म्हणून त्यांनी मला हाकललं होतं."

"सेंडर मुलांनाही तेच म्हणायचा. आधी हात बघायचा, मग म्हणायचा. त्या उन्हाळ्यात वल्ही मारून मारून तुझ्या तळव्यांना फोड आले होते, आठवतं?"

नाही आठवत. आणि खोटं आहे. म्हातारी माणसं मेलेल्यांना सारवून घेतात.

संध्याकाळपर्यंत अकरा नावं. स्वयंपाकीण, दोन पोहणं शिकवणारे, शिरा. आणि आमच्यात शुभ मानतात त्या अठराव्या ओळीवर, मधल्या सहा सोडून, एझ्रा. ढोंगी.

२३ जुलै, सोमवार

परवाच्या शब्बाथला छोटी गुंडाळी होती आणि ती एझ्राने स्वतः उचलली. त्याआधी वाचनासाठी नऊ नंबरच्या, तिर्झा सोडून, बाकीच्या मुलींना एकेकीला नावाने बोलावलं. पहिली जागची उठली नाही. दुसरी नाही. तिसरीला बोलावलं तशी ती बसूनच म्हणाली, "तिर्झाला बोलवा, मग आम्ही येतो." अकरा मुली, पांढऱ्या कपड्यांत, हाताची घडी घालून. एझ्रा कानापर्यंत लाल. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, या माझ्या मुली.

तिर्झा मात्र चिडली. प्रार्थना संपल्यावर मी तिला ऐकलं: "माझ्यासाठी नाटकं करू नका गं. आता सगळे परत माझ्याकडेच बघताहेत."

काल जेरुसलेमचं प्राचीन मंदिर पडल्याचा वार्षिक उपास. तो मात्र मोठ्यांबरोबर ज्यांना करायचा त्या मुलींनीही केला. पालकांची परवानगी होती आणि माझाही नाइलाज. सगळे जमिनीवर बसले. उठताना तिर्झाने उजवा हात टेकला आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तीन रांगांपलीकडून ऐकला. आठ दिवस झाले, सूज उतरायला हवी होती. उद्या गावातल्या इस्पितळात फोटो काढून आणते.

२४ जुलै, मंगळवार

मनगटाजवळच्या हाडाला चीर आहे. सहा आठवडे प्लास्टर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. विचारलं, "कशाने झालं?" मी शनिवारचं सांगायला लागले. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला. "उचलताना असं तडकत नाही. हे चेंगरलेलं आहे. कशात सापडला होता का हात?"

तिर्झा म्हणाली, "होडीत. त्याच्या आधीच्या बुधवारी."

"आणि तेव्हा कुणाला दाखवलं नाहीस?"

तिर्झाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फार दुखत नव्हतं."

येताना गाडीत तिने आइसक्रीम मागितलं. मी दोन घेतली. तिचं मी धरलं आणि माझं वितळून गेलं.

२५ जुलै, बुधवार

बोटं हलली म्हणून हाड शाबूत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने असं उत्तर दिलं असतं तर मी तिला नापास केलं असतं.

२७ जुलै, शुक्रवार

सकाळी एझ्राला सगळं सांगितलं. त्या शब्बाथच्या आधीच्या गुरुवारी ती माझ्याकडे आली होती. मागे हटायला विचारत होती. मी तिला ढकललं.

तो उठून दार लावून आला. "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही. दुपारी जेवणघरात सांगणार आहे."

"सांगणार नाहीस. वहीत नोंद आहे का?"

"राहिली."

त्याने चक्क सुस्कारा सोडला. "मग ती आलीच नव्हती. अदिना, ऐक. आज हे अपघात म्हणून मिटलंय. तू तोंड उघडलंस की दुर्लक्ष ठरतं. विमावाले, वकील, तिचे आईबाप. कॅम्प बंद पडू शकतो. तीनशे मुलांचा उन्हाळा!"

"मिटलंय म्हणजे कुणाच्या अंगावर मिटलंय? एका तेरा वर्षांच्या मुलीच्या मोडक्या हातावर ना?"

"पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

मी म्हटलं, "मला बत्तीस वर्षं एक वाक्य लक्षात आहे, एझ्रा. नुसतं वाक्य. माझ्या हातून तर काही पडलंही नव्हतं."

शब्बाथ संपेपर्यंत थांब म्हणाला. मी थांबले. का थांबले? त्याच्यावर संतापून इथे पानं भरता येतात म्हणून. स्वतःकडे वळलं की लेखणी अडते.

३० जुलै, सोमवार

सांगितलं.

दुपारच्या जेवणानंतर, सूचनांच्या वेळी. आधी सगळे मेजं बडवून सूचनांचं ते गाणं म्हणतात, म्हणून मला दोनदा थांबावं लागलं. बाकावर चढले. खाली मॅकरोनीच्या बशा. मी म्हटलं, तिर्झाचा हात आधीच मोडलेला होता. ती मला दाखवायला आली होती. मी नर्स आहे आणि मी बघितलं नाही, कारण मला ती उचलताना बघायची होती. मोठी गुंडाळी घ्या हा हट्ट माझा. चाळीस दिवसांची गोष्टही मीच तिला सांगितली होती, हसत हसत.

शेवटचं वाक्य बोलेपर्यंत मलाही ते कळलं नव्हतं. सोळा तारखेला ती माझ्याकडे का बघत राहिली होती, ते बाकावर उभी असताना कळलं.

कुणी मेज बडवलं नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

एझ्राने खोलीत बोलावून सांगितलं, हा उन्हाळा पुरा कर, पुढचा नाही. तिच्या आईवडिलांना फोन मात्र त्याने माझ्यादेखत लावला आणि खरं तेच सांगितलं. त्याला ढोंगी लिहिलं होतं, ते खोडत नाही. पण हेही लिहून ठेवते.

मला वाटलं, तिर्झा येईल. आली ती संध्याकाळी, आणि रागातच.

"तू आधी मला विचारायला हवं होतंस."

"मी तुझ्यावरचा आळ—"

"आता मी 'बिचारी' झाले! सगळे माझ्यासाठी दारं उघडताहेत. दुखत होतं ते कुणाला माहीत होतं? मला. तुला नव्हतं माहीत. मी पट्टी का काढली? सफेद कपड्यांमुळे नाही, कुणी थांबवू नये म्हणून. मला उचलायची होती. तू ढकललंस म्हणून नाही." तिने नाक पुसलं, प्लास्टरनेच. "अर्धी तू ढकललंस म्हणून. अर्धी माझी मी."

दारातून वळून म्हणाली, "आणि उचलली होती मी. पडायच्या आधी."

"मी पाहिलं," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. तू तेवढंच पाहिलंस."

६ ऑगस्ट, सोमवार

गेल्या शब्बाथला छोटी गुंडाळी निघाली. एझ्राने कसलंही स्पष्टीकरण न देता तिर्झाला वाचनाला बोलावलं. उचलण्याचा अठराचा नियम तसाच आहे, पण वाचनाला बोलावलं. ती गेली, तिच्या मागोमाग बाकीच्या अकराही गेल्या, न बोलावता. गर्दीत मेज हललं तर चार जणींनी गुंडाळी धरली. रेब युडल ओरडले, "अगं, तिला श्वास घेऊ द्या!"

आज शेवटी सही करायला गेले. पुठ्ठ्यावर एकोणचाळीस नावं, आणि चाळीसाव्या ओळीवर डाव्या हाताने लिहिलेली वेडीवाकडी अक्षरं: तिर्झा. ९ ऑगस्ट.

"मुलांनी नाही, असं तुम्हीच लिहिलंय," मी रेब युडलना म्हटलं.

"लिहिलंय. मग ती आली आणि म्हणाली, मोठी गुंडाळी उचलताना मी मोठी होते, आता लहान कशी झाले? याला तुझ्याकडे उत्तर असेल तर सांग, मी जाऊन देतो."

एझ्राशी भांडताना हे वाक्य तर माझंच होतं.

"मग एक ओळ वाढवा."

"चाळीस म्हणजे चाळीस. तुला उपास करायचा तर वर्षभर कर, कोण अडवतंय? पण पुठ्ठा भरला." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "उशिरा आलीस, पोरी. जागा हवी असेल तर ज्याची आहे त्याला विचार."

"ती देणार नाही."

"मी असतो तर मीही दिली नसती."

८ ऑगस्ट, बुधवार

उद्या तिचा दिवस. रविवारी कॅम्प संपतो, बसेस येतील, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतील, आणि मी दवाखान्याचं कपाट शेवटचं पुसेन.

प्लास्टर आहे, गोळ्या चालू आहेत, उपाशीपोटी त्या घेता येत नाहीत. नर्स म्हणून एका ओळीचा हुकूम काढला की काम होईल. दुपारभर तो कागद समोर होता. पण माझ्या 'हो'मुळे तिचं एकदा काय झालं ते मी पाहिलं. आता माझ्या 'नाही'ने तिच्याकडून हेही काढून घेऊ?

म्हणून हुकूम फाडला आणि चिठ्ठी लिहिली. तिच्या ताटाखाली ठेवणार आहे. इथे उतरून ठेवते, कारण ती चिठ्ठी परत येणार हे मला ठाऊक आहे. कदाचित त्यावर डाव्या हाताने लिहिलेला एकच शब्द असेल.

"तिर्झा, तुझी अर्धी तू ठेव. माझी अर्धी मला परत दे. उद्या सकाळी जेवणघरात माझ्या जागेवर बस आणि माझ्या ताटातलं खा. उपास मला करू दे."